साडेसहाला ऑफिसात कोणी नाही

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. बिघडलेल्या कंप्युटरला हात लावण्यापूर्वी ते साबणाने हात धुवून येत. चपला दाराबाहेर काढत, खुर्ची ओढून यंत्रासमोर बसत आणि पहिली दहा मिनिटं त्याच्याकडे नुसते बघत. घरातल्या कोणी घाई करून "काका, चालू करू का?" म्हटलं, तर हात वर करून थांबवत.

"थांब रे. त्याला माझी ओळख तर होऊ दे."

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना जिन्यात पाहिलं आहे. गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, खिशात दोन पेनं आणि काखेत हिरव्या कापडी बांधणीची लांबट वही. धाकट्याने मला विचारलं होतं की हे पोस्टमन आहेत का. नव्हते. ट्रॉम्बेला, अणुसंशोधन चालतं तिथे, त्यांनी अख्खी नोकरी केली. तिथे काय काम करत होतात, असं विचारलं की उत्तर एकच, "मीटर बघायचो." त्यामुळे बिल्डिंगमधल्या काही लोकांची पक्की समजूत होती की ह्या माणसाने बॉम्ब केलेला आहे आणि तो सांगायला त्यांना बंदी आहे. ती समजूत त्यांच्या पत्नीने एका हळदीकुंकवात मोडून काढली. त्या मालवणकडच्या, आणि बोलायला लागल्या की कोणाचीही भीड ठेवत नसत. म्हणाल्या, "खयचो बॉम्ब? ह्येंका घरातलो उंदीर मारूक जमना नाय."

खरा विषय त्यांच्या वहीचा. त्या वहीत सहा रकाने आखलेले असत. तारीख, वेळ, यंत्र काय म्हणालं, माणूस काय म्हणाला, केलेला बदल, निकाल. रकाने भरल्याशिवाय ते एक बटणही दाबत नसत. पडद्यावर काय आलं होतं असं ते विचारत, आणि लोक सांगत, "काहीतरी एरर आला." मग ते पेनाला टोपण लावत.

"काहीतरी म्हणजे काय? डॉक्टरकडे जाऊन काहीतरी दुखतंय असं सांगता का? परत येईल तेव्हा कागदावर उतरवून ठेवा. त्याच्या शब्दांत. तुमच्या शब्दांत नको."

दुसऱ्या मजल्यावरच्या एका बँकेतल्या अधिकाऱ्याला त्यांनी चौदा आकड्या-अक्षरांचा एरर तीन वेळा परत लिहायला लावला होता, कारण प्रत्येक वेळी एक शून्य कमी पडत होतं. तो माणूस नंतर मला म्हणाला, "बाई, शाळेत तुमच्या वर्गात असतो तर तुम्हीसुद्धा एवढा त्रास दिला नसता." मी दिला असता. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

चौथा रकाना त्यांचा सगळ्यांत आवडता. तिथे जवळजवळ प्रत्येक पानावर एकच वाक्य होतं, "मी काहीच केलं नाही." ते वाक्य ते जसंच्या तसं उतरवून घेत, मान डोलवत आणि गप्प बसत. समोरच्याला ती शांतता सोसत नसे. थोड्या वेळाने तो म्हणे, "म्हणजे, फक्त जरा ती एक फाईल काढून टाकली..." मग यांचा चेहरा उजळे. मला एकदा म्हणाले होते, "बाई, 'फक्त' आला की निम्मं काम झालं."

फॉरमॅट हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. सगळं पुसून नव्याने भरायचं, हा त्यांच्या मते आळशी माणसाचा उपाय. "ताप आला म्हणून माणूस बदलायचा का?" असं ते विचारत. अपडेट चालू असताना टक्के एका जागी अडकले आणि कोणी चुळबुळ केली, तर म्हणत, "भात शिजताना दर मिनिटाला झाकण काढता का? मग?"

त्यांच्या घरचा मिक्सर मात्र बंद होता. पत्नी सांगत, "मिक्सर बिघाडलो ता वहीत लिवन ठेवल्यानी. तारीख घातली, वेळ घातली. आता मी वाटाप पाट्यार वाटतंय आणि ती वही बगतंय." त्यावर ते शांतपणे म्हणत, "त्याचं निदान चालू आहे."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. तेव्हा मी सोसायटीची सेक्रेटरी होते. खाली गेटजवळ आमचं दहा बाय बाराचं ऑफिस, आणि तिथे अकरा वर्षं काम करणारी सुनंदा. ती भांडुपहून यायची. तिचे वडील बुलढाण्याकडून मुंबईत आले होते. ती इथेच वाढली, इथेच शिकली. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणारी सुनंदा एकटी. पार्किंगची यादी, पाण्याचा टँकर, भाडेकरूंचे कागद, लिफ्टवाल्याला फोन, सगळं तिच्याकडे. कोणत्या घरात कोणाला ऐकू कमी येतं आणि बेल दोनदा वाजवावी लागते, हेसुद्धा तिला पाठ होतं.

दिवाळीनंतर ऑफिसच्या कंप्युटरला एक मोठं अपडेट आलं आणि सगळं बिनसलं. सुनंदा सकाळी साडेदहाला मशीन चालू करी, आणि पडद्यावर येई की अपडेट पूर्ण करता आलं नाही, बदल मागे घेत आहोत, कंप्युटर बंद करू नका. मग ते गोल फिरत राही, कधी साडेअकरापर्यंत, कधी बारापर्यंत. दारात माणसं उभी. रोज संध्याकाळी ते अपडेट पुन्हा बसायला जाई आणि रोज सकाळी पुन्हा मागे येई. दोन वेगवेगळे दुरुस्तीवाले आले. दोघांनीही फॉरमॅट मारला. आठवडाभर बरं चाललं, आणि तेच अपडेट पुन्हा येऊन तिथेच अडकलं.

आमचे चेअरमन व्यापारी माणूस. त्यांनी त्यांचा हिशेब मांडला.

"बाई, बघा. मशीन दोन वेळा नवीन झाला. बदलला नाय कोण? सुनंदा. आता मीच सांगू का प्रॉब्लेम कुठे आहे?"

"ती अकरा वर्षं काम करतेय."

"तेच ना. जुनी झाली. एजन्सीवाल्याला बोललोय मी, ट्रेनिंगवाला माणूस देतो. पुढच्या रविवारी कमिटीत ठराव टाकू, बात खतम."

सुनंदा त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. "मॅडम, मी खरंच काही नाही केलं हो. बंद करायला सांगते त्याला आणि निघते. बस एवढंच." मी तिला म्हणाले, "तसं असेल तर सिद्ध होईल." शाळेत चाळीस वर्षं हेच वाक्य म्हणत आले होते. तिच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांना विनंती केली. त्यांनी वही काढली.

"एका वेळी एकच बदल. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी कळणार, म्हणजे रोज एक. रविवारपर्यंत सहा बदल होतील. सहात नाही सापडलं तर?"

"तर सुनंदाची नोकरी जाईल."

ते त्यांनी लिहून घेतलं नाही. त्याला रकाना नव्हता.

सोमवारी त्यांनी 'पाहुणे' बाहेर काढले. प्रिंटर, पेनड्राइव्ह, आणि सुनंदाचा फोन ज्या वायरवर चार्ज व्हायचा ती वायर. "घरात पाहुणे असताना कोणी रंगकाम काढतं का?" मंगळवारी सकाळी अपडेट पुन्हा मागे आलं. मंगळवारी त्यांनी डिस्कवर जागा आहे का बघितलं. नव्हती, कारण चेअरमननी कोजागिरीला केलेल्या नाचाचे सतरा व्हिडिओ प्रत्येक फॉरमॅटनंतर पुन्हा तिथे भरले होते. ते एका वेगळ्या डिस्कवर काढून त्यांनी चेअरमनच्या घरी नेऊन दिले आणि मिळाल्याबद्दल वहीत सही घेतली. बुधवारी सकाळी अपडेट पुन्हा मागे. बुधवारी निघालं की कंप्युटरचं घड्याळ रोज चुकतं. आतला बटणाएवढा सेल संपला होता. तो सेल आमच्या नाक्यावर मिळतो. तिसऱ्या मजल्यावरचे हे गृहस्थ तो आणायला दोन बस बदलून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेले, कारण तिथला त्यांचा ओळखीचा माणूस प्रत्येक सेल मीटर लावून मगच देतो. दुपारचं जेवण झालं नाही. पत्नी गॅलरीतून ओरडल्या ते मी माझ्या घरात ऐकलं, "यंत्र बोलता ता ह्येंका आयकाक येता, बायको बोलता ता नाय."

गुरुवारी सकाळी घड्याळ बरोबर होतं आणि अपडेट मागेच आलेलं होतं.

त्या दिवशी ते कंप्युटरची स्वतःची नोंद वाचायला बसले. "यंत्रही वही ठेवतं, बाई," ते मला म्हणाले. "माझ्यापेक्षा नेटकी." मग आधीच का नाही वाचली, असं मी विचारलं. "आधी रोगी बघायचा, मग त्याचे कागद. नाहीतर आपण कागदच बघत बसतो." वाचता वाचता ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"संध्याकाळी साडेसहाला इथे कोण असतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "सुनंदा सहाला जाते. साडेसहाला मी फिरायला निघताना कुलूप लावते."

त्यांनी लिहिलं. मी सवयीने डोकावून पाहिलं, कारण कोणी लिहीत असलं की मी शुद्धलेखन तपासते. लिहिलं होतं, 'साडेसहाला ऑफिसात कोणी नाही.' आणि पुढे कंसात, 'बाई.'

मी घरी आले. स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरचं पुसून घेतलं, दिवा मालवायला भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं.

आमच्या वडिलांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. खोलीतून निघताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची. मी आयुष्यभर ती करत आले आहे. घरात, शाळेत, आणि अर्थातच सोसायटीच्या ऑफिसात. रोज साडेसहाला मी ट्यूबलाईट बंद करी, पंखा बंद करी आणि कंप्युटरचं बटणही बंद करी. वीज तुटली तरी मशीन चालू ठेवणारा यूपीएस कधीचाच मेला होता. त्याच्यावर आम्ही तुळशीची कुंडी ठेवली होती. सुनंदा सहाला कंप्युटरला बंद व्हायला सांगून निघे, आणि तो बिचारा बंद होण्यापूर्वी ते मोठं अपडेट बसवायला घेई. त्याला तासभर लागणार. अर्ध्या तासात मी येऊन त्याचा गळा दाबत होते.

पडदा चालू असता तर मला दिसलं असतं, 'बंद करू नका.' पण पडदा बंद असे. का, तर टेबलावर माझ्याच अक्षरात एक पाटी होती, 'निघताना पडदा बंद करावा. वीज वाचवावी. — सेक्रेटरी.'

मी तिसरा मजला चढून गेले. दार त्यांनीच उघडलं.

"माझं बटण," मी म्हणाले.

"हो."

"तुम्ही लिहिलं नाहीत तसं."

"वहीत यंत्राचा दोष लिहितो. दोषासमोर माणसाचं नाव लिहीत नाही. पण तुमचं तुम्हीच सांगितलंत, ते बरं झालं."

"मी रविवारी सभेत सांगणार आहे."

त्यांनी मान हलवली. "सांगून होत नाही, बाई. परत घडवून दाखवता आलं तरच दोष सापडला म्हणायचं. तोवर कोणाला काही बोलू नका आणि काही बदलू नका. रोजच्यासारखं बटण बंद करत राहा."

म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी मी समजून उमजून, साडेसहाच्या ठोक्याला ते बटण बंद केलं. ते गेटजवळच्या बाकावर वही घेऊन बसले होते. मी कुलूप लावून वळले की मला नमस्कार करत. आयुष्यात माझ्यावर कोणी असं लक्ष ठेवलं नव्हतं.

रविवारी दहाला कमिटी ऑफिसात जमली. मशीन त्यांनी आठलाच चालू करून रोजचं मागे घेणं उरकून ठेवलं होतं. सुनंदाला बोलावून घेतलं होतं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, आणि कपाटांच्या सगळ्या किल्ल्या तिने रुमालात बांधून मांडीवर तयार ठेवल्या होत्या. चेअरमननी ठराव वाचायला घेतला. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बटण, पाटी, साडेसहा.

मग चेअरमन म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे, ते आम्हाला ठाऊक आहे."

"मन नाही हो. बटण."

"तिला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय. सोडा ना. तुमच्यासारखा माणूस असं करेल काय?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. बँकेतला अधिकारी म्हणाला, "बाईंच्या हातून चूक? शक्यच नाही." मी चाळीस वर्षं जी प्रतिष्ठा जपली, ती त्या दिवशी माझ्या आणि सुनंदाच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिली.

तेव्हा वही घेऊन कोपऱ्यात बसलेले गृहस्थ उठले. बेसिनवर जाऊन हात धुवून आले.

"म्हणणं कशाला ऐकता? करून बघू. बाई, तुम्ही रोज करता तसंच करा. सुनंदा, तूही."

सुनंदाने रोजच्यासारखं मशीनला बंद व्हायला सांगितलं. पडदा आज चालूच ठेवला. टक्के चढू लागले. दहा, अठरा, सव्वीस. तिसाला ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेसहा वाजले असं समजा." मी उठले, ट्यूबलाईट बंद केली, पंखा बंद केला, आणि सगळ्या कमिटीदेखत कंप्युटरचं बटण बंद केलं. माझा हात किती सराईतपणे गेला ते सगळ्यांनी पाहिलं. चेअरमन "अरे" एवढंच म्हणाले.

पुन्हा चालू केल्यावर आलंच, बदल मागे घेत आहोत. त्याला दीड तास लागला. कोणी उठलं नाही. एक वाजता त्यांच्या पत्नी घावण्यांचा डबा आणि चटणी घेऊन उतरल्या. "टक्के बगून पोट भरता काय? खावा आदी. चटणी पाट्यारची आसा, मिक्सर अजून निदानातच आसा."

मग दुसरी खेप. तेच अपडेट, तेच मशीन, तीच सुनंदा. फक्त मला त्यांनी बटणापासून लांब, खिडकीजवळ बसवलं. ब्याऐंशीला ते वीस मिनिटं अडकलं आणि बँकेतला अधिकारी हळूच म्हणाला, "वाट लागली." चेअरमननीच त्याला गप्प केलं. "भात शिजतोय. झाकण काढू नको." शंभर झाले, मशीन आपलं आपण बंद झालं, पुन्हा चालू केलं तेव्हा एका मिनिटात नीट उघडलं.

चेअरमननी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. "सुनंदा, उद्या ये टायमावर," म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या दृष्टीने ती माफी होती.

सगळे गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. हे समाधानाने वही भरत होते. निकालाच्या रकान्यात 'सिद्ध' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सुनंदाने रुमालाची गाठ सोडली, किल्ल्या खिळ्यावर एकेक करून लावल्या, आणि पाठमोरीच बोलली.

"काका, तुम्हाला गुरुवारी कळलं होतं ना?"

"हो. पण सिद्ध नव्हतं."

"मला सांगायचं होतंत ना. सिद्ध नाही पण असं असं वाटतंय म्हणून. शुक्रवारी, शनिवारी डबा तसाच परत नेला मी. मुलीला म्हटलं, तुझं वर्ष पुरं होतं की नाही बघू."

त्यांचं पेन थांबलं. गुरुवारी मलाही कळलं होतं. सुनंदा मला काहीच म्हणाली नाही. ते मला जास्त लागलं. मी दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली, आणि ती नीट मागता आली नाही. इतक्या वर्षांत सराव नव्हता.

त्यांनी मात्र माफी वगैरे मागितली नाही. पण पुढच्या महिन्यात पाचव्या मजल्यावरच्या एका नव्या सुनेचा लॅपटॉप बिघडला. तिच्या नवऱ्याच्या कामाचं सगळं त्यात होतं आणि ती रडकुंडीला आली होती. मी सोबत गेले होते. हे आत आले, हात धुतले, खुर्ची ओढली. आणि लॅपटॉपकडे न बघता आधी तिच्याकडे वळले.

"दोष कोणाचा ते कळायला वेळ लागेल," ते तिला म्हणाले. "तुमचा असेल, नसेल. तोवर तुम्ही जेवून घ्या."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खुणेने सांगितलं, जा. ती आत जाऊन ताट वाढून घेऊन आली आणि आमच्यासमोरच बसून जेवली. तिचा शेवटचा घास होईपर्यंत त्यांनी वही उघडली नाही.